उन्हात ठेवलेला दोरा

धक्क्यावर तिला गाठवाली म्हणत. घरात ती थोरली होती, कारण तिच्या नवऱ्याला एक धाकटा भाऊ होता. दुकानात येणाऱ्यांची ती वहिनी होती. आणि ज्या बोटीवरून तिच्या हातचे काम रोज समुद्रात जात असे, त्या बोटीवर तिने सव्वीस वर्षांत पाच वेळाही पाऊल ठेवले नव्हते.

बोट तिच्या नवऱ्याची. हौसेने गळ टाकणारी आठ माणसे घेऊन तो सकाळी निघे, किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर पाण्याखाली खडकांची रांग आहे तिथे नांगर टाकी आणि दुपारी परत येई. दीर धक्क्यासमोरचे दुकान सांभाळी: बर्फ, आमिष, गळ, उन्हाच्या टोप्या, उद्याच्या फेरीची नावे. दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिच्यात खिडकीखाली एक टेबल, भिंतीला रिळांची एक फळी आणि दाराशी खुंट्या ठोकलेला एक लाकडी पाट. बोटीवर जायच्या माळा या पाटाला गुंडाळलेल्या असत. सकाळी पाट भरून जाई, दुपारी रिकामा येई. ते टेबल आणि तो पाट हे गाठवालीचे राज्य होते. राज्य एवढ्यासाठी म्हणायचे, की तिथे तिला कोणी काही विचारत नसे.

माळ म्हणजे एक मुख्य दोरा, त्याला खाली-वर फुटलेले दोन आखूड फाटे, प्रत्येक फाट्याच्या टोकाला गळ, आणि सर्वांत खाली दोरा ताठ ठेवणारे शिसे. ऐकायला सोपे आहे. पण खडकात राहणारे सगळे मासे एका स्वभावाचे नसतात, आणि एकाच माळेने सर्वांना धरू पाहणारा बहुधा खडकच धरून परत येतो. काळे मासे थव्याने राहतात, खडकाच्या वर, मधल्या पाण्यात. त्यांना बारीक गळ, हलके शिसे आणि कोळंबीचा लहानसा तुकडा लागतो. दोरा तळाला जाऊ न देता निम्म्यावरच थांबवावा लागतो. तांबडे मासे खोलात, तळापासून हातभर वर. त्यांचे तोंड मोठे आणि भूक त्याहून मोठी. त्यांच्यासाठी माकुलाची, म्हणजे स्क्विडची, बोटभर लांब पट्टी कापायची आणि गळाला एकाच टोकाशी टोचायची, म्हणजे बाकीची पट्टी पाण्यात जिवंत असल्यासारखी हलत राहते. राहिले पिवळ्या पट्ट्याचे. ते एकलकोंडे. एक कपार धरली की वर्षानुवर्षे तीच. दाराबाहेर हातभर येतील, अधिक नाही. त्यांना खेकडा हवा, आणि तो त्यांच्या दारात नेऊन ठेवायला हवा. दारात नेला की शिसे कपारीत अडकते, आणि शिसे अडकले की गळ, फाटे, मासा, सारेच हातचे जाते.

या शेवटच्या अडचणीवर गाठवालीने एक उपाय शोधलेला होता. तिच्या आयुष्यातला तो एकमेव शोध होता आणि तो तिने कोणालाही सांगितला नव्हता.

ती वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याची मुलगी. बोटांना ताण कळत होता, पाणी कळत नव्हते. सासूने तिला गाठी शिकवल्या, पण हातचे राखून. फाटा कसा काढायचा, गळ कसा बांधायचा हे दाखवले. शिशाची शेवटची गाठ मात्र म्हातारी दोन वर्षे पाठ फिरवून बांधत राहिली. ज्या घराच्या कागदांवर बाईचे नाव नसते, त्या घरात तिची मालमत्ता एवढीच असते: जे तिला येते आणि इतरांना येत नाही. सासूने ती मालमत्ता राखली यात तिचा दोष किती आणि घराचा किती, हे ठरवणे सोपे नाही. सुनेने तो हिशोब केला नाही. तिने फक्त रीत उचलली.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी तिच्याकडून तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याचे, एक अख्खे रीळ गच्चीवर राहून गेले. चार महिने उन्हात पडलेला तो दोरा सापडला तेव्हा दिसायला नव्यासारखाच होता, पण हाताने जोर लावला की तुटत होता. सासू बोलेल या धास्तीने तिने तो टाकला नाही. जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी, शिसे बांधायला, वापरून संपवायचे ठरवले. आणि त्या मोसमात नवल झाले. शिसे कपारीत अडकले की ओढताच तेवढा कच्चा दोरा तुटे. शिसे खडकाला राही आणि बाकीची माळ माशासकट वर येई. त्यानंतर दर वर्षी तिने एक रीळ मोजून चार महिने गच्चीवर ठेवले, त्याला ओळखीसाठी तांबडा धागा बांधला आणि टेबलाच्या खणात ठेवले. नवऱ्याला वाटे, हिच्या गाठीच तशा. धक्क्यालाही तसेच वाटे. नाव पडले ते त्यावरून.

दिराचे लग्न उशिरा झाले, त्रेचाळिसाव्या वर्षी. धाकटी आली ती समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवरून. अकरा वर्षे ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी होती. दिवसाला पाचशे सदऱ्यांच्या शिवणी पाहायच्या आणि चुकलेला सदरा बाजूला काढायचा, एवढेच काम. तिला पोहता येत नव्हते, माशाचा वास सोसत नव्हता, आणि पहिल्याच फेरीत बोटीवर तिची अशी गत झाली की दीर म्हणाला, हिला समुद्रावर नेण्यापेक्षा समुद्रच बादलीत भरून घरी आणलेला बरा. थोरली त्या दिवशी मनापासून हसली. तिने धाकटीला स्वतःच्या हाताने चहा करून दिला, ओला टॉवेल कपाळावर ठेवला, होईल सवय म्हणाली. ज्याची कीव करता येते त्याचा हेवा वाटत नाही. ती कीव थोरलीला दोन महिने पुरली.

बोटीवरून घरी येणारे मासे साफ करण्याचे काम धाकटीकडे आले. ती ते फार सावकाश करी. थोरलीने एकदा डोकावून पाहिले, तर बाईने मोरीपाशी पांढरी ताटली मांडली होती आणि माशांची पोटे उघडून आत सापडेल ते काडीने वेगळे करीत होती.

“हे काय चाललंय? माशाची झडती घेतेस की काय?”

“झडतीच की,” धाकटी म्हणाली. “शेवटचं काय खाल्लं ते कळलं, ताई, तर पुढचं काय मागेल ते कळेल ना.”

थोरलीने ही गोष्ट रात्रीच्या जेवणात सर्वांना हसत सांगितली. हसला मात्र एकटा दीर. नवऱ्याने ताटावरून मान वर केली आणि विचारले, मग काय सापडलं. धाकटीने सांगितले, की पिवळ्या पट्ट्याच्या पोटात नखाएवढे खेकडे आहेत आणि आपण त्याच्या दारात तळहाताएवढा नेऊन ठेवतो. तांबड्यांच्या पोटात माकूल फारसे नाहीच, लहान आठपायी प्राणी आहेत. तेव्हा पट्टीचे टोक उभे चिरून त्याचे दोन-तीन पाय केले तर काय होईल, पाहावे. काळ्यांच्या पोटातली कोळंबी शेपटीकडून गिळलेली दिसते. आणि मग ती जरा अडखळून म्हणाली, पट्टेवाला दाराबाहेर येत नसेल तर त्याच्या माळेचा फाटा वीतभर कशाला, चार बोटे पुरेत. वीतभर फाटा पाण्यात तरंगतो आणि खेकडा दारापासून लांब जातो.

वीतभर फाटा हे सासूचे माप होते. ते चुकीचे असू शकते, असे त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

माळा बदलल्या. एकदम नाही, आधी दोन, मग चार. प्रत्येक माळ शेवटी थोरलीकडेच येई, कारण शिसे तीच बांधी, आणि धाकटीही त्याबद्दल विचारीत नसे. पण बोटीवरून येणारी बातमी आता वेगळी होती. दर आठवड्याला नेमाने येणारे एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ होते, धक्क्यावर त्यांना घड्याळजी म्हणत. खोलातल्या एका दांडग्या पिवळ्या पट्टेवाल्यासाठी ते कित्येक वर्षे झुरत होते. दुकानात शिरताच ते विचारू लागले, “आखूड फाट्याची आहे ना? मग तीच द्या.” बर्फवाला तर थोरलीला तोंडावरच म्हणाला, “काय वहिनी, कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ती हीच का?” ती हसली. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे ती मनाशी म्हणत राहिली. पण तीन दिवसांचे तीन महिने झाले आणि रंग गडद होत गेला.

एका संध्याकाळी नवऱ्याने पाटावरची, धाकटीने बांधलेली एक माळ खिडकीच्या उजेडात धरली. फाट्यावरून नख फिरवले आणि म्हणाला, “बरं बांधलंय.”

तो कमी बोलणारा माणूस होता. सव्वीस वर्षांत त्याने तिच्या कोणत्याही माळेबद्दल बरे किंवा वाईट म्हटले नव्हते. न बोलणे हीच त्याची पसंती, असा अर्थ तिने पहिल्या वर्षी लावला होता आणि त्या अर्थावर संसार केला होता. आता कळले, की त्याला बोलता येते. त्या रात्री ती अंथरुणावर पडून मोजत राहिली, की आपल्या हातून किती माळा गेल्या असतील. आकडा लागेना, आणि एकीच्याही वाट्याला ते दोन शब्द आले नव्हते.

हेवा दूरच्या माणसाचा वाटत नाही. शहरातल्या मोठ्या दुकानातली यंत्रावर बांधलेली माळ थोरलीने अनेकदा हातात घेतली होती आणि कौतुकाने ठेवून दिली होती. जी बाई आपल्याच टेबलाशी बसते, आपल्याच कात्रीने दोरा कापते, आपल्यालाच ताई म्हणते, तिच्याबद्दल मात्र पोटात आग पडते. कारण तिला मिळालेला शब्द आपल्याला मिळू शकला असता, हे दिसत असते. थोरली धाकटीला पाण्यात पाहू लागली. तिचे आवंढे गिळणे, तिच्या चपलांचा आवाज, दोरा कापण्याआधी तो ओठांतून ओला करण्याची तिची लकब, सारे सलू लागले. आणि सर्वांत अधिक सलत होते ते हे, की तिला धाकटीचे दोष शोधूनही सापडत नव्हते. तिने तोरा मिरवला असता तर बरे झाले असते. ती प्रत्येक नवी गोष्ट आधी थोरलीला दाखवी आणि विचारी, “ताई, चालेल ना?” चालेल, असे म्हणावे लागे.

मोसमाच्या मध्याला दिराने जेवताना विषय काढला. पुढल्या महिन्यापासून पाट धाकटीने सांभाळावा. “वहिनी, तुम्ही पुढे बसा. गिऱ्हाइकाशी बोलायला तुमच्यासारखं माणूस नाही. मागं अंधारात डोळे किती दिवस फोडणार?” त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हीच खरी अडचण होती. मानाने उठवलेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो पाणी पीत होता. पेला खाली ठेवून तो म्हणाला, शिशाची गाठ तेवढी तिला दाखवून ठेव.

ज्या कामाला पद नसते, ते एका जेवणात काढून घेता येते. थोरलीला आयुष्यात कोणी नेमले नव्हते, म्हणून तिला काढतानाही कोणाला आपण काही काढतो आहोत असे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धाकटी मोरीपाशी असताना, तिने खणातून ते रीळ काढले. त्याचा तांबडा धागा सोडला. मग रीळ फळीवर, नव्या रिळांच्या रांगेत, डावीकडून तिसरे ठेवले. तिचा बेत साधा होता: खणात कोणी हात घातला तर काही सापडू नये आणि फळीवर पाहिले तर काही कळू नये. स्वतःला मात्र जागा ठाऊक. गाठ दाखवायची तर गाठ दाखवू; गाठीत काय आहे? दोरा कोणता, हे कोणी विचारलेले नाही. तिने त्याच दुपारी धाकटीला शिशाची गाठ दाखवली, अगदी मन लावून, तीन वेळा. धाकटीने ती एकाच वेळेत उचलली.

तपासणीच्या टेबलाशी अकरा वर्षे काढलेल्या बाईला अस्ताव्यस्त फळी सहन होत नाही, हे थोरलीने लक्षात घेतले नाही. दोन दिवसांनी धाकटीने सगळी रिळे खाली काढली, फळी पुसली आणि जाडीप्रमाणे पुन्हा मांडली. तिसऱ्याचे पहिले झाले की पाचवे, हे आता थोरलीलाही सांगता आले नसते. ओढून पाहावे लागले असते. ती दुकानाच्या दारात उभी होती. आत धाकटी पट्टेवाल्याच्या माळांसाठी फाटे कापीत होती, चार-चार बोटांचे, गळ बांधायचे. एका रिळातून दोरा घेताना त्यावर उजेड पडला आणि थोरलीला वाटले, हा किंचित धुरकट आहे.

तिला वाटले, हे नक्की. कळले का, हे नक्की नाही. तिने त्या क्षणी स्वतःला सांगितले, की आठ रिळांतले कोणते ते इतक्या लांबून ओळखता येणार नाही. की विचारले तर कारण सांगावे लागेल. की बाईसाहेब एवढ्या हुशार आहेत तर त्यांनाच ओळखू दे. ही तीन कारणे एकमेकांशी जुळत नव्हती. खऱ्या कारणाला सोबत लागत नाही. खोटे कारण मात्र एकटे उभे राहत नाही. इतक्यात गिऱ्हाईक आले आणि ती पुढे गेली, टोपी दाखवायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट धक्क्याला लागली तेव्हा घड्याळजी सर्वांत शेवटी उतरले. त्यांच्या गळाला पट्टेवाला लागला होता, तोच, दांडगा. पाव तास झुंजून त्यांनी त्याला पाण्याच्या वर आणले. सर्वांनी पाहिला. जाळी खाली सोडणार, तेवढ्यात फाटा तुटला. आणि असा मासा एकदा खोलातून वर आला की स्वतःहून परत खाली जाऊ शकत नाही. आतल्या हवेने तो फुगतो, डोळे बाहेर येतात. वजन बांधून त्याला खाली सोडायचे तर आधी हाती तरी यायला हवा. तो उताणा होऊन लाटांबरोबर लांब गेला आणि पक्ष्यांनी त्याला सर्वांच्या देखत टोचले. ज्याने त्या कपारीत कित्येक वर्षे मुक्काम केला असेल, तो मासा कोणाच्या हाती लागला नाही की समुद्राचाही राहिला नाही.

घड्याळजी दुकानात आले, त्यांनी खिशातून भिंग काढले, डोळ्याला लावले आणि तुटलेला फाटा चिमटीत धरून बराच वेळ पाहिला. “दगडाने कापलेला नाही,” ते शांतपणे म्हणाले. “दगडाने कापला की टोकाला ओरखडे असतात. हा खडूसारखा मोडलाय. दोरा शिळा आहे.” आवाज चढला असता तर दिराने समजूत घातली असती. त्यांचा आवाज चढला नाही. ते एवढेच म्हणाले, की पूर्वी असे होत नसे.

दिराने बायकोला मागच्या खोलीत जाऊन विचारले. विचारले म्हणजे सर्वांना ऐकू जाईल असे सुनावले. जुना दोरा कळत नाही, आणि अकरा वर्षे काय तपासत होती. नवऱ्याने पाट भिंतीवरून काढून थोरलीपुढे ठेवला. “तूच बघ,” तो म्हणाला.

चार दिवस गाठवाली आपल्या राज्यात पुन्हा बसली. पहिल्या दिवशी तिने गाणे गुणगुणले. दुसऱ्या दिवशी बर्फवाला म्हणाला, जुनं ते सोनं, आणि तिने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आले, की ती फाटे चार बोटांचेच कापते आहे. वीतभर कापायला हात धजत नव्हता. चार बोटांचे बरोबर होते. आपल्या टेबलाशी बसून आपण दुसऱ्याचे काम करतो आहोत, हे कळल्यावर ते टेबल तिला नव्याने परके वाटू लागले.

चौथ्या दिवशी धाकटी आत आली आणि तिने टेबलावर एक रीळ ठेवले.

“मी सगळी ओढून पाहिली,” ती म्हणाली. “सात धरतात. हे एक तुटतं. पण ताई, हे कशासाठी आहे?”

थोरली म्हणाली, कशासाठी असणार, खराब झालेय, टाकून दे.

“टाकायचा दोरा कुणी इतका नीट गुंडाळून ठेवत नाही. टोकसुद्धा खाचेत खोचलंय. आणि तो सगळीकडून सारखाच तुटतो, खालून-वरून, कुठंही ओढा. मुद्दाम उन्हात ठेवल्याशिवाय असं सारखं होत नाही.” तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिथे ताटलीतल्या काडीचेच कुतूहल होते.

थोरलीला त्या क्षणी जो हेवा वाटला, तसा आधी कधीही वाटला नव्हता. इतकी वर्षे नवऱ्याने त्या गाठी हाताळल्या, शेकडो गिऱ्हाइकांनी हाताळल्या, कोणाला काही दिसले नाही. हिला दिसले. आपले जे सर्वांत मोलाचे होते ते ओळखणारे पहिले माणूस भेटले, आणि ते हेच असावे. खोटे बोलायला अजून वाव होता. पण ज्या एकाच माणसाला आपली किंमत कळू शकते, त्याच्याशी खोटे बोलणे म्हणजे ती किंमत स्वतःच पुसणे, हे तिला उमगले असावे. निदान तिच्या तोंडून खरे बाहेर पडले ते काही सद्गुणामुळे नव्हे.

“शिशासाठी,” ती म्हणाली.

धाकटीने शिशाचा एक गोळा उचलला, टेबलाच्या फटीत अडकवला, कच्च्या दोऱ्याने माळेला बांधला आणि ओढले. दोरा तुटला; माळ तिच्या हातात राहिली. ती हसली. “अगं बाई. म्हणजे खडकाला त्याचं देऊन टाकायचं. हे तुम्ही शोधलंत?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने होकारार्थी मान हलवली आणि ती उठून बाहेर गेली, कारण डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते आनंदाचे की रागाचे हे तिला धाकटीसमोर ठरवायचे नव्हते.

धाकटीने तो दोरा कोणाला दाखवला नाही. त्या संध्याकाळी दीर पुन्हा टोचून बोलला, तेव्हाही ती मूग गिळून बसली. एका वाक्यात ती सुटली असती. थोरली समोर बसून वाट पाहत होती, की आता ही सांगेल, आता सांगेल; तिने सांगितले असते तर तिच्यावर रागावता आले असते. ती भाजी वाढत राहिली. तिच्या गप्प राहण्याचाही थोरलीला हेवा वाटला. हे मात्र असह्य होते. कौशल्य दुसऱ्याचे असावे, हे एक वेळ सोसता येते. चांगुलपणाही दुसऱ्याचाच असावा, आणि तोही आपल्या जिवावर, हे तिला सोसवेना.

पुढच्या फेरीच्या दिवशी घड्याळजी आले, तेव्हा दीर गल्ल्याशी होता आणि नवरा दोरखंड खांद्यावर घेऊन दारात उभा होता. थोरली आतून आली. तिने रीळ काउंटरवर ठेवले.

“तो दोरा माझा होता,” ती म्हणाली. “त्याची खूण मी काढली. ती त्याचे फाटे कापत होती तेव्हा मी दारात उभी होते. मला दिसत होतं. मी बोलले नाही.”

घड्याळजींनी भिंग खिशातून काढले, पुन्हा आत ठेवले, आणि म्हणाले, की वहिनी, मासा तर गेला. त्यात क्षमाही नव्हती आणि रागही नव्हता. तेवढी एक खरी गोष्ट होती. शेवटी दिराने विचारले, मग पाट कुणाकडे ठेवायचा.

नवऱ्याने दोरखंड खाली टाकला. तो बायकोकडे बराच वेळ पाहत राहिला, जणू ही बाई त्याला नव्यानेच कोणीतरी दाखवली होती. “ते त्या दोघी ठरवतील,” तो म्हणाला. “आपल्याला त्यातलं काही कळत नव्हतं, एवढं तर दिसलंच.” आणि तो बोटीकडे गेला.

मागच्या खोलीत धाकटी टेबलाच्या एका अंगाला बसली होती. तिने सर्व ऐकले होते. भिंत फळ्यांची होती. थोरली दुसऱ्या अंगाला बसली. ठरवण्यात फार वेळ गेला नाही. खोलातल्या माळा धाकटीने बांधायच्या, थव्यातल्या काळ्यांच्या थोरलीने, कारण बारीक गळाला तिचाच हात हलका होता, हे धाकटीने स्वतः सांगितले. माफीचा शब्द कोणी काढला नाही. धाकटीचा चेहरा हसरा नव्हता. चार दिवस ऐकलेले बोलणे तिच्या अंगावर अजून होते, आणि ते असणे न्यायाचेच होते. थोरलीने पाहिले, की ती आता दोरा कापण्याआधी हाताने ओढून पाहते. प्रत्येक दोरा. तिच्यासमोर.

दोघी गाठी मारीत राहिल्या. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, म्हणतात; थोरलीची नजर आपल्या कामावरून सारखी समोरच्या बोटांवर जात होती, आणि ती बोटे आपल्यापेक्षा वेगाने चालतात हे तिला दर खेपेला नव्याने दिसत होते.

“उन्हात किती दिवस ठेवता?” धाकटीने मान वर न करता विचारले.

आता तेवढेच एक उरले होते. बाकी सगळे, माप, गाठ, दोरा, खूण, त्या टेबलाच्या मध्यावरून पलीकडे गेले होते. दोन महिने, असे म्हटले असते तर दोरा पुरता कच्चा झाला नसता. शिशासकट माळाही खडकाला राहिल्या असत्या, आणि पुढल्या मोसमात कोणीतरी म्हणाले असते, की गाठवालीच्या हाताची सर कोणाला नाही. दोन हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही. तिने हातातली गाठ थुंकीने ओली केली, आवळली, टोक कापले.

“चार महिने,” ती म्हणाली. “दर आठवड्याला रीळ फिरवायचं, नाहीतर एकाच बाजूनं पिकतं. आणि पाचवा महिना लागू द्यायचा नाही.”

धाकटीने मान डोलावली आणि पुढचा दोरा ओढून पाहिला.